‘साठी बुद्धी नाठी’ : म्हण खोटी, प्रश्न खरा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या भागांतील वाड्या-तांड्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे ओझे शिरावर घेऊन कोयते निघतात. येथे ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या दिशेने काही लाख माणसे पाच-सहा महिन्यांसाठी निघून जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडे असली तर त्यांचा सांभाळही या थकल्या हातांकडेच येतो. गाडी हलण्यापूर्वी सून सासूला बजावते, ‘‘आत्याबाई, गोळ्या येळेवर घ्या, अन् चुलीकडं ध्यान ठिवा.’’ सासू मान हलवते आणि गाडी निघून जाते.

गुढीपाडव्याच्या आगेमागे मंडळी परत येतात, तेव्हा एखाद्या घरातील ती म्हातारी पूर्वीची राहिलेली नसते. एकच प्रश्न ती दहा वेळा विचारते. निराधार योजनेचे पैसे कोठे ठेवले ते तिला सांगता येत नाही आणि मग ते शेजारणीने चोरले असा आळ ती घेते. नातवाला ती कधीच मरून गेलेल्या दिराच्या नावाने हाक मारते. रात्री-अपरात्री उठून ‘रानात जायचंय’ म्हणून दाराची कडी काढते. यावर गावापाशी तीन उत्तरे तयार असतात. पहिले, ‘साठी बुद्धी नाठी, वयच झालं आता.’ दुसरे, ‘बाहेरचं काहीतरी दिसतंय.’ आणि तिसरे, बहुधा थकलेल्या सुनेच्या तोंडी येणारे, ‘मुद्दाम करतात, नाटक आहे सारं.’ या तिन्ही उत्तरांत एक समान गुण आहे. प्रश्न सोडविण्याऐवजी ती तो मिटवून टाकतात. म्हातारपणाला औषध नाही, बाहेरच्या बाधेला डॉक्टर नाही आणि नाटकाला सहानुभूती नाही. तेव्हा करण्यासारखे काही उरतच नाही.

एक पाटी, दोन शब्द

याच जिल्ह्यात अंबाजोगाईपासून जवळ असलेल्या लोखंडी सावरगावला शासनाने वृद्धत्व आणि मानसिक आजार यांसाठी एक केंद्र उभारले. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा त्याच परिसरात मोठे कोविड रुग्णालय चालविले गेले आणि त्या निमित्ताने या गावाचे नाव राज्यभर पोचले. साथ ओसरली, परंतु केंद्राच्या नावात एकत्र बसविलेले दोन शब्द विचार करायला लावणारे आहेत. वृद्धत्व हा काही आजार नव्हे आणि मानसिक आजार हा काही केवळ वृद्धांना होत नाही. मग या दोहोंना एका छताखाली आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि ते मोठे आहे. माणसाची स्मृती, समज, निर्णयशक्ती ही ज्या एका इंद्रियावर उभी आहे त्या मेंदूवर वय आणि मनोविकार हे दोन्ही आपापल्या परीने परिणाम करतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते परिणाम पुष्कळदा सारखेच दिसतात. कोणता परिणाम कशाचा, हे ओळखणे हाच खरा प्रश्न आहे. कारण त्यांतील काहींवर उपाय नाही, काहींवर थोडा आहे आणि काहींवर पूर्ण आहे.

प्रथम निव्वळ वयाचा हिशेब पाहिला पाहिजे. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के भरतो; परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे एक पंचमांश तो एकटा खर्च करतो. इतके काम करणारे यंत्र वयाबरोबर झिजणार हे उघड आहे. मध्यम वयानंतर मेंदूचे आकारमान हळूहळू घटते, पेशीपेशींमधील दुवे कमी होतात, बारीक रक्तवाहिन्या ताठर होतात. परिणामी विचारांचा वेग मंदावतो. एकाच वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे जड जाते. ओळखीचे नाव जिभेवर येते, पण ओठांवर येत नाही. सेवानिवृत्तीला आलेल्या कारकुनाला रकान्याची बेरीज करायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो तो यामुळेच.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि म्हणीने तीच दडवून ठेवली आहे. शब्दसंग्रह, अनुभवातून आलेले ज्ञान, माणसांची पारख, आयुष्यभर केलेल्या कामातील कौशल्य या गोष्टी निरोगी वृद्धाच्या ठिकाणी सत्तरीपर्यंत, कित्येकदा त्याहीपुढे, शाबूत राहतात. तो कारकून बेरीज सावकाश करील, पण तरुण सहकाऱ्याच्या नजरेतून सुटलेली कागदातली खोच त्याच्या ध्यानात येईल. ज्या आजीला काल कोण आले होते ते आठवत नाही, तिला जात्यावरच्या ओव्या मात्र सलग म्हणता येतात, असा अनुभव मराठवाड्यात अनेक घरांना आहे. स्मृती ही एकच एक कोठी नव्हे. तिचे अनेक कप्पे आहेत आणि ते सगळे एकाच वेळी रिकामे होत नाहीत. तेव्हा साठी आली म्हणून बुद्धी नाठी होते हे विज्ञानाला मान्य नाही. वयाने बुद्धी मंद होते. ती नष्ट होत असेल, तर तेथे वयाखेरीज दुसरे काहीतरी आहे असे समजले पाहिजे.

झीज आणि रोग

ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे पुष्कळदा स्मृतिभ्रंशाचा रोग असतो. १९०६ साली आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने पन्नाशीच्या सुमारास बुद्धिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूची तपासणी तिच्या मृत्यूनंतर करून आपले निष्कर्ष मांडले. पेशींच्या बाहेर साचलेली प्रथिनांची किटाळे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. या रोगाला पुढे त्याचेच नाव पडले. नव्या आठवणी पक्क्या करणारा, समुद्रघोड्याच्या आकारामुळे हिप्पोकॅम्पस हे नाव मिळालेला मेंदूचा भाग या रोगात आरंभीच ग्रासला जातो. म्हणून रोग्याला लहानपणीचे सारे आठवते आणि सकाळचे जेवण मात्र आठवत नाही. दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांच्या दोषातून येतो. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले, पक्षाघाताचे लहानमोठे झटके येऊन गेले की मेंदूचे लहान लहान भाग मरत जातात आणि बुद्धी पायरीपायरीने उतरते.

साधे विस्मरण आणि हा रोग यांतील भेद घरातल्या कोणालाही समजण्यासारखा आहे. किल्ली कोठे ठेवली हे विसरणे ही वयाची खूण असू शकते. हातातली किल्ली कशासाठी असते हेच न उमगणे ही रोगाची खूण आहे. बाजारातून एखादी वस्तू आणायची राहून जाणे निराळे आणि चाळीस वर्षे पायाखालच्या असलेल्या बाजाराच्या वाटेवर हरवणे निराळे. एकाने चिंता करण्याचे कारण नाही. दुसऱ्याने दवाखाना गाठलाच पाहिजे.

हा रोग श्रीमंत देशांचा, शहरांचा, असा समज दीर्घकाळ होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने तो पुसून टाकला. भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज तीत निघाला. त्याहून महत्त्वाचे हे की, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. वृद्ध, स्त्री, ग्रामीण आणि अल्पशिक्षित ही चारही विशेषणे ज्या व्यक्तीला एकदम लागू पडतात ती व्यक्ती बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांत शोधावी लागत नाही. ती प्रत्येक ओसरीवर बसलेली आहे.

मन आजारी पडले म्हणजे बुद्धीचे काय होते?

आता पाटीवरच्या दुसऱ्या शब्दाकडे वळले पाहिजे. मनोविकार म्हणजे केवळ भावनांचा बिघाड, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे लक्ष कशावर ठरत नाही. जे नीट लक्षात घेतलेच नाही ते आठवणार कोठून? निर्णय घेणे त्याला डोंगराएवढे वाटते. दीर्घकाळच्या ताणात शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक आठवणींच्या त्याच भागाला बाधक ठरते आणि वारंवार नैराश्य येणाऱ्यांत हा भाग सरासरीने लहान आढळतो, असे मेंदूच्या छायाचित्रणातून दिसून आले आहे.

वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट कमालीची महत्त्वाची ठरते. नैराश्यातला वृद्ध पुष्कळदा रडत नाही, दुःख बोलून दाखवीत नाही. तो गप्प होतो, जेवण टाकतो, विसरू लागतो आणि घरचे लोक त्याची बुद्धी गेली असे मानतात. मनोविकारतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘आभासी स्मृतिभ्रंश’ असे नाव दिले आणि १९६१ मध्ये किलो या वैद्याने तिचे वर्णन करून वैद्यकविश्वाचे लक्ष तिच्याकडे वेधले. दोहोंतला फरक सूक्ष्म, पण ओळखता येण्यासारखा आहे. नैराश्यातल्या माणसाला प्रश्न विचारला तर तो ‘मला नाही माहीत, माझं डोकंच चालत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाचा रोगी आपली उणीव झाकतो; चुकीचे का होईना, उत्तर देतो किंवा हसून विषय बदलतो. पहिला स्वतः तक्रार करतो. दुसऱ्याची तक्रार नातेवाईक करतात. पहिल्याला योग्य औषध आणि आधार मिळाला तर त्याची स्मृती बहुतांशी परत येऊ शकते. अशा माणसाला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून कोपऱ्यात बसविणे हा त्याच्यावरचा अन्यायच होय. येथे आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उतारवयात प्रथमच येणारे नैराश्य कधीकधी खऱ्या स्मृतिभ्रंशाची नांदीही असते. म्हणून अशा रोग्याला बरे वाटल्यावरही वैद्यकीय लक्ष काढून घेता येत नाही.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा दुसरा मोठा विकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेपेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचे नाव दिले होते, कारण तरुणपणीच रोग्याची बुद्धी ढासळते असे त्याचे निरीक्षण होते. १९०८ साली ब्लॉयलरने ते नाव बदलले, कारण सर्वच रोगी अखेरपर्यंत ढासळत जात नाहीत हे त्याने पाहिले होते. परंतु क्रेपेलिनच्या निरीक्षणातही तथ्य होते. भास आणि संशय ही या रोगाची ठळक लक्षणे. पण लक्ष, स्मृती आणि कामाचे नियोजन यांवरही तो आघात करतो. भास औषधांनी ओसरतात, कामाची घडी मात्र बसत नाही. मग घरचे लोक म्हणतात, ‘आता बरा आहे, पण आळशी झाला आहे.’ तो आळस नसतो; रोगाचा उरलेला भाग असतो.

तिसरी अवस्था अत्यंत तातडीची आहे. ज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी वा मीठ कमी होणे, औषधांचा अतिरेक यांपैकी काहीही झाले तरी वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागतो. दिवस-रात्रीचे भान त्याला राहत नाही, नसलेली माणसे दिसू लागतात. पूर्वीचे वैद्य याला सन्निपात म्हणत. खेड्यात ‘वात झाला’ म्हणतात. बीडसारख्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पाण्याचे दुर्भिक्ष असताना एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही अवस्था येणे कठीण नाही. महिनोन् महिने सावकाश ढळणारी बुद्धी आणि दोन दिवसांत एकाएकी ढळलेली बुद्धी यांतला फरक घरातल्यांना ठाऊक असेल तर जीव वाचतो. कारण ही दुसरी अवस्था मूळ कारणावर उपचार झाल्यास बहुधा उलटते आणि न झाल्यास प्राणावर बेतते. याखेरीज ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, कंठग्रंथीची मंदता, पडल्यामुळे कवटीच्या आत साकळलेले रक्त हीदेखील बुद्धिमांद्याची अशी कारणे आहेत की ज्यांवर उपाय आहे. साध्या तपासण्यांनी ती सापडतात. तपासणीसाठी माणूस दवाखान्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढीच अट आहे.

बीडचे स्वतःचे दुखणे

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल. परंतु बीडला स्वतःचे असे काही आहे. ऊसतोडणीमुळे वर्षाचा निम्मा काळ घरातली कर्ती माणसे दूर असतात. स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणे ओळखणारा डॉक्टर नसतो. ती ओळखतो तो रोज शेजारी वावरणारा माणूस. तोच गावात नसल्यावर रोग मधल्या टप्प्यापर्यंत अलक्षित राहतो. एकाकीपणा हा स्वतःच बुद्धीला घातक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी अशी १४ कारणे सांगितली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा रोग पुढे ढकलता येईल असा अंदाज मांडला. अल्पशिक्षण, बहिरेपण, उपचारावाचून राहिलेली दृष्टीची अधूता, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य आणि एकाकीपणा ही त्यांतील काही. ही यादी वाचताना दुष्काळी पट्ट्यातील एखाद्या वस्तीचे वर्णन वाचत असल्याचा भास होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा कानाचे यंत्र ही बुद्धीची औषधे आहेत हे किती घरांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रकार २०१९ साली देशभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्या वेळी चर्चा झाली ती बुडणाऱ्या मजुरीची, दंडाची आणि खासगी दवाखान्यांच्या लोभाची. आणि ती योग्यच होती. तथापि तिला पुढचे एक प्रकरण आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले गेले तर स्त्रीला ऐन तारुण्यात ऋतुनिवृत्ती येते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ऋतुनिवृत्तीपूर्वी बीजकोष काढलेल्या स्त्रियांत पुढील आयुष्यात बुद्धिमांद्याचा व स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचे दिसले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके कमी तितका तो धोका अधिक. तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या या स्त्रिया पुढील वीस-तीस वर्षांत वार्धक्यात प्रवेश करतील. त्यांच्यापैकी कोणाचे बीजकोष गेले आणि कोणाचे राहिले याची नोंद ठेवून त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचे काम आजच हाती घेतले पाहिजे. उद्या त्यांनाही कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणेल, तेव्हा त्या म्हणीमागे एक जुना अन्याय दडलेला असेल.

तिसरी गोष्ट शेतकरी आत्महत्यांची. कर्त्या मुलाने जीवन संपविले की मदतीचे, चौकशीचे, वृत्तपत्रांचे लक्ष विधवेकडे आणि मुलांकडे जाते. त्या मुलाची म्हातारी आई आणि बाप ओसरीवर बसून असतात. त्यांचे मौन हा शोक आहे, नैराश्य आहे की बुद्धिभ्रंशाचा आरंभ, हे विचारायला कोणी येत नाही.

निरक्षराची परीक्षा

रोग ओळखायचा तर बुद्धीची परीक्षा घ्यावी लागते, आणि येथे शिक्षकवर्गाने ध्यानात घेण्याजोगी एक अडचण उभी राहते. जगभर वापरली जाणारी १९७५ ची प्रसिद्ध प्रश्नावली शाळा शिकलेल्या माणसासाठी बनविलेली आहे. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, कागदावरची सूचना वाचून तिच्याप्रमाणे करा, असे प्रश्न तीत आहेत. ज्या आजीने कधी पाटी हातात धरली नाही ती या परीक्षेत नापास होणार. पण तो दोष तिच्या मेंदूचा नव्हे, प्रश्नपत्रिकेचा आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ही प्रश्नावली हिंदीत नव्याने घडविली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’. वाचण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ म्हणून परीक्षकाने स्वतः डोळे मिटायचे. प्रश्न बदलले आणि परीक्षा न्याय्य झाली. मराठवाड्याच्या बोलीत, येथल्या सणवारांना, आठवडी बाजारांना आणि पेरणी-काढणीच्या हंगामांना धरून अशी प्रश्नावली प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे अवघड नाही.

शिक्षणाचा संबंध केवळ परीक्षेपुरता नाही. अमेरिकेतील ६७८ जोगिणींनी डेव्हिड स्नोडन या शास्त्रज्ञाला आपल्या आयुष्याचा आणि मृत्यूनंतर मेंदूचा अभ्यास करू दिला. ज्यांनी विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत विचारांची दाटी अधिक होती, त्यांना वार्धक्यात हा रोग कमी प्रमाणात झाला. काहींच्या मेंदूत रोगाच्या खुणा असूनही त्या अखेरपर्यंत शहाण्यासवरत्या राहिल्या. लहानपणी कमावलेली बुद्धीची पुंजी म्हातारपणी उपयोगी पडते असा याचा अर्थ लावला जातो. हे खरे असेल तर आज ऊसाच्या फडावर आईबापांमागे जाणाऱ्या आणि शाळा सुटणाऱ्या मुलींचे नुकसान केवळ नोकरीपुरते नाही. साठ वर्षांनंतरच्या त्यांच्या स्मृतीचे भांडवल आजच कमी पडत आहे.

कायदा, योजना आणि अंतर

साधनांच्या बाबतीत बीड अगदीच निर्धन नाही. आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीच्या अंबाजोगाईत १९७० च्या दशकाच्या मध्यास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यांसाठी वैद्यकीय शिक्षण ही कल्पनाच त्या काळी नवी होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याची चाचपणी करावी अशी योजना आखली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मोफत मानसिक सल्ला मिळू लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. बाधा काढण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारझोड करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्या घटनेनंतर असा कायदा अनावश्यक आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग उणीव कोठे आहे? ती अंतरात आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. जालन्यासाठी अलीकडे मंजुरी मिळाली ती या दीर्घ अनुशेषाची कबुलीच होय. परंतु अंतर केवळ मैलांचे नसते. नैराश्याची प्रश्नावली घेऊन येणारी आशाताई कर्त्या शेतकऱ्याशी बोलते. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची प्रश्नावली तिच्या पिशवीत नसते. आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी मिळते. विसरभोळ्या माणसाला ती गोळी घेतल्याचे आठवत नाही, हे गोळी देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

अंतराचा आणखी एक प्रकार कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना अधिक परिचित असेल. बुद्धी ढळलेल्या वृद्धाचा अंगठा फार सहज उमटतो. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्याच्या नावाने काढले जातात आणि त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. चार एकरांचे वाटणीपत्र, बक्षीसपत्र त्याच्या अंगठ्यावर होऊन जाते. करार करणाऱ्याला कराराचा अर्थ समजण्याइतके मन शाबूत असावे लागते, असे १८७२ च्या करार कायद्याने सांगितले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. परंतु जो विसरला आहे तो मागणार कसा? येथे टेबलामागे बसलेल्या माणसाने दोन प्रश्न अधिक विचारले, ‘बाबा, हा कागद कशाचा आहे? जमीन कोणाला देताय?’ एवढेच विचारले, तर एखादा अन्याय त्या टेबलावरच थांबेल.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गैर नाही. स्मृतिभ्रंशाचा रोग मुळातून बरा करणारे औषध आजही नाही. मग एवढ्या तपासण्यांचा खटाटोप कशाला? ज्या जिल्ह्यात तरुणांना काम नाही आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही तेथे म्हाताऱ्यांच्या विसरण्याची चैन परवडणार कोणाला? याचे उत्तर असे की, विसरणाऱ्यांतील सर्वच जण बरे न होणाऱ्या रोगाचे नसतात. कोणाला नैराश्य असते, कोणाला जीवनसत्त्वाची उणीव, कोणाला संसर्ग. आणि तपासल्याशिवाय ते कळत नाही. ज्यांचा रोग खरोखरीच असाध्य आहे त्यांच्याही घरात निदानाने मोठा फरक पडतो. सासू नाटक करीत नाही, तिच्या मेंदूला रोग आहे, एवढे कळले की सुनेचा राग निवतो. तिचे कष्ट त्यामुळे कमी होत नाहीत हे खरे. परंतु रोगाशी झुंजणे आणि माणसाशी भांडणे यांत अंतर आहे. त्या सुनेला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळावा, हंगामाच्या काळात एकट्या राहिलेल्या वृद्धांची गावाने यादी करावी, अंगणवाडीच्या नाहीतर शाळेच्या आवारात त्यांनी दिवसातून घटकाभर एकत्र जमावे, यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे भरभर चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील स्मृतीचा भाग वर्षाअखेर सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. चालण्याला तर काहीच पैसे पडत नाहीत. पडते ती सोबतीची गरज.

येत्या दसऱ्यानंतर गाड्या पुन्हा भरतील आणि मागे राहणाऱ्यांना पुन्हा बजावले जाईल. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी थकलेल्यांची यादी असते, सोसायटीकडे कर्ज थकलेल्यांची असते, मुकादमाच्या वहीत उचल घेतलेल्यांची असते. गावात मागे राहिलेल्या, एकट्या, विसरू लागलेल्या माणसांची यादी मात्र कोणाच्याच दप्तरात नाही. लोखंडी सावरगावच्या पाटीवरचे दोन शब्द सार्थ व्हायचे असतील, तर पहिले पाऊल त्या यादीपासून पडले पाहिजे. आणि ती लिहायला डॉक्टर लागत नाही; गावातला एखादा शिक्षक, एखादा ग्रामसेवक, सुटीत घरी आलेला एखादा विद्यार्थीही पुरेसा आहे.